बिनआवाजाचं पोट

काचेपलीकडून कानसेनने हात वर केला आणि मी वाक्य अर्धवट सोडलं. कानसेन म्हणजे आमच्या स्टुडिओतला ध्वनिमुद्रक. गाणं त्याला अजिबात येत नाही, पण भिंतीपलीकडे मुंगी शिंकली तरी ऐकू येईल असे कान, म्हणून हे नाव. हेडफोनमध्ये आधी त्याचा श्वास आला, मग तो. "काहीतरी आलं मधे." "खुर्ची असेल," मी म्हटलं. "खुर्ची अशी नाही बोलत." "मग बाहेर गाडी." "गाडी खालून येते. हे मधून आलंय." त्याने मागे नेऊन ऐकवलं. 'आता दोन्ही हात पोटावर ठेवा, डोळे मिटा, आणि आत काय चाललंय ते ऐका.' माझा आवाज, गुळगुळीत, कोणाचाच नसलेला. आणि त्या 'ऐका'च्या शेपटीला धरून आलेली एक लांबलचक घरघर, शेजारच्या खोलीत कोणी जड कपाट ओढत न्यावं तशी. त्याने ते थांबवलं. मग एखाद्याच्या घरी चोरी झाल्याचं हळूच सांगावं तसं म्हणाला, "पोट वाजलं गं तुझं." मी हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या कोणाचं वाजलं असतं तर ही बातमीच नव्हती. त्या काचेच्या खोलीत बसणाऱ्या सगळ्यांचीच पोटं वाजतात. माइक इतका जवळ असतो, आणि खोली इतकी गच्च बंद, की माणसाच्या आतली सगळी गडबड चव्हाट्यावर येते. जाहिरातींचा भारदस्त आवाज असलेले एक काका आहेत, ते पोटाशी उशी धरून वाचतात; उशीला कोणी हात लावला तर खवळतात. दुसरी एकजण पर्समध्ये केळी घेऊन फिरते. माझं तसं नव्हतं. मी रिकाम्या पोटी आले काय, जेवून आले काय, माझ्या अंगातून कधी काही ऐकूच आलं नाही. नवीन मुलं शिकायला आली की कानसेन मला दाखवून सांगायचा, "हिला आत बसवलं तरी खोली रिकामीच वाटते मला." प्रत्येक कामाच्या सुरुवातीला तो रिकाम्या खोलीची शांतता वेगळी मुद्रित करून ठेवतो. कुठे खोकला आला, पान वाजलं, की तेवढा तुकडा कापायचा आणि तिथे ही शांतता चिकटवायची. नुसतं कापून ठेवलं तर कानाला खड्डा लागतो. माझ्या कामात त्याला ठिगळं लावावी लागत नसत. हे कौतुक मी घरी नेऊन नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणजे तू आत असलीस काय नि नसलीस काय." आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

त्या दिवशी घरी परतताना मी बसच्या खिडकीशी बसून स्वतःच्या पोटाकडे पाहत होते. शाळेत मास्तरांना उलट बोलून आलेल्या मुलाकडे बघावं तसं. हे पोट माझ्या आईने तयार केलेलं होतं. बाबा छापखान्यात रात्रपाळीला असायचे. सकाळी यायचे, अंगाला शाईचा आणि यंत्राच्या तेलाचा वास, आणि आम्ही शाळेच्या तयारीत असताना झोपायचे. घर म्हणजे एक खोली, आणि पडद्यापलीकडे ओटा. त्यांची झोप हे आमच्या घरातलं सगळ्यात महागाचं सामान होतं. ते फुटू नये म्हणून आम्ही तीन बायका, आई आणि दोघी बहिणी, मांजरीसारख्या वावरायचो. कुरकुरीत म्हणून काही घरात येत नसे. टोस्ट आणलाच तर दुधात बुडवून, पार लगदा करून. सफरचंद चमच्याने खरवडून. काकडी नाहीच. जेवताना ताटाला चमचा लागू द्यायचा नाही, तोंड मिटून, हळू चावायचं, आणि शेवटी शेवटी तर चावायचंच नाही, नुसतं गिळायचं. एकदा सुट्टीच्या दिवशी जेवायला उशीर झाला होता आणि बाबांचा नुकता डोळा लागला होता, तेव्हा माझं पोट गुरगुरलं. बाबा कूस बदलून पुटपुटले. आईने झटकन माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि दाबला. ती रागावलेली नव्हती. हात गरम होता, ओलसर, नुकतंच कांदे चिरलेला. पोट गप्प झालं. "शहाणी गं माझी," ती कानात म्हणाली. मला इतकं बरं वाटलं होतं की पुढे मी ते स्वतःच करायला लागले, आणि काही वर्षांनी हाताचीही गरज राहिली नाही. पोटाला सांगण्याआधीच समजायला लागलं. भूक मुळात लागेचना. जेवायची वेळ झाली म्हणून जेवायचं, आणि जेवलं की ते पोटात दगडासारखं पडून राहायचं, संध्याकाळपर्यंत, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत. लग्न झाल्यावर सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "आमच्या सुनेचं काही म्हणजे काही नाही हो. चिमणीएवढं खाते." त्या घरात माझं हे एवढं एकच कौतुक होतं, ते मी का म्हणून मोडू?

फक्त मुलगी झाली तेव्हा एकदा फटका बसला. बाळंतिणीला वाघासारखी भूक लागते म्हणे. मला लागली नाही. ताटं भरून यायची आणि मी त्यांच्याकडे दुसऱ्याच्या पत्राकडे बघावं तशी बघायचे. दोन घास, आणि छातीपर्यंत फुगायचे. दूध लवकरच आटलं. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "खातेस की नाही काही?" मी म्हटलं, "लागत नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला नाही लागत गं, पण हिला लागतं ना." पोर तेव्हा माझ्या कोरड्या छातीला तोंड लावून रडत होती, आणि तिचं रडणं ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शेजारच्या खाटेवरची झोपली आहे.

ही पचनावरची योगमालिका स्टुडिओ चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी घेतली तेव्हा मला ते इतर कामांसारखंच एक काम वाटलं होतं. लोकांनी सकाळी उठून कानाला लावायचं, आणि माझ्या आवाजाने सांगितलं की वाकायचं, श्वास सोडायचा, पोट आत घ्यायचं. मजकूर तपासायला एक वयस्क योगशिक्षक येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थांबवलं. "बाई, आवाज छान आहे. पण तुम्ही पोट आत घ्या म्हणता तेव्हा तुमचं पोट आरामात खुर्चीत बसलेलं असतं. ऐकणाऱ्याला ते कळतं." मॅडम म्हणाल्या, "सर, ती व्यावसायिक आहे, ती सगळं वाचते. परवा ट्रॅक्टरचं वाचलं." "मग ट्रॅक्टर चालवायला नको होता का थोडा?" ते म्हणाले, आणि मला घरी करून बघायला सांगितलं. रोज, पहाटे, काही न खातापिता.

बाहेरच्या खोलीत नवरा असतो, म्हणून मी स्वयंपाकघरात करायला लागले. ओटा आणि फ्रिज यांच्या मधे एक सतरंजी मावते. गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. टाचांवर बसायचं. मग उभं राहून, मांड्यांवर हात टेकून, सगळा श्वास बाहेर टाकायचा आणि त्या रिकाम्या पोटाला आतबाहेर हलवायचं. त्याला अग्निसार म्हणतात. पहिले काही दिवस फक्त फजिती. ज्याला शास्त्रात वायू म्हणतात त्याने घर दणाणलं, नवरा बाहेरून ओरडला, "अगं, खिडकी तरी उघड!" पण मुलगी टाळ्या पिटायला लागली. आमच्या मुलीला आम्ही खारू म्हणतो, खारूताईमधली; हातात टोस्ट धरून पुढच्या दातांनी कुरूकुरू कुरतडत बसते, तासन् तास. तिला वाटलं आईने कधी नव्हे तो एक चांगला खेळ काढला.

आणि मग एका सकाळी, तशीच वाकलेली असताना, बरगड्यांच्या खाली काहीतरी ऊन ऊन झालं. कुठून तरी पाव भाजल्याचा वास आला. कदाचित रोजच येत असेल. तोंडात पाणी सुटलं, इतकं की मला वाटलं आता उलटी होणार. मी बेसिनपाशी धावले आणि काठ धरून वाट बघत राहिले. उलटी आली नाही. पोटाच्या मधोमध एक जागा होती, ती ओढत होती, पोकळ, जिवंत, आणि पाय किंचित कापत होते. हे दुखणं नव्हतं. मला ते ओळखायला बराच वेळ लागला, लहानपणी परगावी गेलेली मैत्रीण बाजारात समोर यावी आणि तिच्या तोंडाकडे बघत राहावं तसा. भूक. माझी. मी डबा उघडला आणि खारूचे टोस्ट काढून उभ्याउभ्याच खाल्ले, कोरडे, दातांनी फोडत. काय तो आवाज! माझ्या डोक्यात, कवटीत, कानाच्या मागे, कोणी वाळलेल्या पानांवरून पळत सुटावं तसा. मागे वळले तर खारू दारात उभी. "आई, तू पण खार?" "हो," मी तोंड भरलेलंच असताना म्हणाले. ती येऊन माझ्या पायाशी बसली, तिनेही एक घेतला, आणि आम्ही दोघींनी मिळून सगळा डबा फस्त केला. मग तिने माझ्या पोटाला कान लावला. डोळे मोठे झाले. "आई, आत कोण आहे?" "कोणीतरी राहायला आलंय." "मुलगी आहे?" "असेल." तिने पोटावर टकटक केलं आणि उत्तर आलं, घरघर करून, अगदी वेळेवर, आणि आम्ही दोघी हसून हसून सतरंजीवर आडव्या झालो. तिच्या केसांना दुधाचा वास येत होता. वरातीमागून घोडं, माझ्या मनात आलं. चार वर्षांनी आलीस गं बाई, हिला हवी होतीस तेव्हा कुठे होतीस?

शरीर हलकं झालं होतं. खाल्लेलं जिथल्या तिथे जिरत होतं. सकाळ दुपार संध्याकाळ भूक घड्याळासारखी यायची आणि मी तिला खायला घालायचे, उकडलेली अंडी, बटाटे, सफरचंद सालासकट. नवरा बघत राहायचा. त्याने स्वतः त्याच्या पित्तासाठी आमच्या मालिकेचे पहिले भाग लावायला सुरुवात केली होती. सकाळी बाहेरच्या खोलीत दिवे मंद करून माझ्याच आवाजाबरोबर वाकायचा. "योगाने माणसाचं खाणं ताळ्यावर येतं म्हणतात," तो म्हणाला, "तुझं सुटलंच." "भूक लागते रे." "अगं, लागते म्हणून काय लगेच जेवायचं?" हे तो चेष्टेनेच म्हणाला, वाईट माणूस नाही तो. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दुसरं काही नाही ना गं? दिवस वगैरे?" नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग काय झालं तुला? किती चांगली होतीस."

आणि मग तो कानसेनचा वर गेलेला हात. त्यानंतर रोजच. मी खाऊन जाऊन बघितलं, तर पचताना वाजायचं; उपाशी गेले, तर मागताना. काकांची उशी मागून आणली. केळं खाल्लं. भरलेलं पोट बोलतं, रिकामं पोट बोलतं. गप्प असतं ते फक्त माझं पूर्वीचं. कानसेन बिचारा ठिगळं लावत बसायचा, आणि काचेतून माझ्याकडे बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नसायचा, एक प्रकारचं सुतक असायचं. शेवटच्या दिवशी योगशिक्षकांनी स्टुलावरून उठताना विचारलं, "भूक आली का, बाई?" मी लाजून हो म्हटलं. "मग सांभाळा तिला. पाहुणी समजून दारात उभी करू नका, घरचीच आहे." आणि मॅडमकडे वळून, "ते पोटाचे आवाज कशाला काढता? राहू द्या की. त्याचसाठी तर हे सगळं." मॅडम हसल्या. "सर, लोक घाबरतील. त्यांना वाटेल मशीन बिघडलं."

सर गेल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. पुढची मालिका झोपेची होती. शब्द थोडे, आणि शब्दांच्या मधे लांब लांब शांतता; वर्षभर चालणारं काम. "हे तुझंच आहे," त्या म्हणाल्या, "तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. पण या पोटाने नाही. कानसेन म्हणतो, एका ओळीला तीन ठिगळं लागतात." "मग काय करू?" "काय करू म्हणजे? ते जे काय सुरू केलंयस ते बंद कर. पहिल्यासारखी हो. नाही तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल, आणि खरं सांगते, मला ते आवडणार नाही." माझ्या दंडाला हलकेच हात लावून त्या गेल्या. मी काचेच्या खोलीत परत जाऊन बसले. दिवा बंद होता. त्या खोलीबद्दल घरी कोणाला काही समजावून सांगता आलेलं नाही मला. तिथे दार लागलं की कोणी आई म्हणत नाही, अगं म्हणत नाही, दूध उतू जात नाही, मी सुरू केलेलं वाक्य मीच संपवते. घरात माझं वाक्य शेवटपर्यंत गेलेलं मला आठवत नाही. आणि तेवढ्यात, त्या अंधारात, पोट बोललं. बारीक, जवळजवळ प्रेमाने. माझा हात गेला त्यावर. मी दाबलं नाही, नुसता ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दाबला.

भूक मारायची म्हणजे फार काही करावं लागत नाही. सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकली. सकाळी उठल्याउठल्या कडक काळा चहा, मग दुपारपर्यंत काही नाही, मग घाईघाईत काहीतरी गिळायचं. सुरुवातीला ती खवळली. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, खारूला गोष्ट सांगताना. पाय कापायचे, डोळ्यांपुढे ठिपके यायचे. खारू कान लावायची, म्हणायची, "ती रडतेय." मी म्हणायचे, "झोपेल आता." मग ती अवेळी यायला लागली, अर्धवट, काय मागायचं ते विसरल्यासारखी. मग एक दिवस सकाळी पाव भाजल्याचा वास आला नाही, आणि दुपारी जेवण दगडासारखं पोटात पडलं ते तिथेच राहिलं. मला ओळखीचं वाटलं. घरी आल्यासारखं वाटलं, हे लिहायला नको, पण वाटलं. खारूने कान लावला, टकटक केलं, पुन्हा केलं. "आई, गेली का ती?" "कोण?" "आतली." मी तिचे केस मागे सारले आणि म्हटलं, "तिच्या घरी गेली." "आपलं घर तिचं नव्हतं?"

झोपेच्या मालिकेचं पहिलं वाचन झालं तेव्हा कानसेन काचेपलीकडे डोळे मिटून बसला होता. संपल्यावर त्याने डोळे उघडले आणि अंगठा वर केला. "आलीस बाई," तो म्हणाला. "खोली रिकामी झाली." मॅडमनी सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. मी माझं काकांना दिलं, ते म्हणाले, "हिचं काही म्हणजे काही नाही."

आज सकाळी नवरा बाहेरच्या खोलीत दिवे मंद करून उभा आहे. त्याचं पित्त गेलं, भूक छान लागते, दोन वेळा वाढून घेतो, आणि हातात ताट घेऊन मला म्हणतो, "तुझ्या आवाजात जादू आहे, बरं का." मी ओट्याशी त्याची अंडी उकडतेय. स्वयंपाकघराच्या दारात खारू तिच्या छोट्या स्टुलावर, समोर दुधाचा पेला, हातात टोस्ट. तिने पहिला तुकडा तोडला आणि तो आवाज घरभर गेला. "अगं, जरा बघ ना तिच्याकडे," बाहेरून तो डोळे न उघडता म्हणाला. मी बघितलं. खारूने माझ्याकडे बघितलं, मग टोस्टकडे. बाहेर माझा आवाज चालू होता: 'आता दोन्ही हात पोटावर ठेवा, डोळे मिटा, आणि आत काय चाललंय ते ऐका.' आणि त्यानंतर ती शांतता. ती मला ओळखू येते; तिथे मी होते, आणि तिथे कानसेनने रिकामी खोली चिकटवली आहे. जोड कुठेच कळत नाही. त्या शांततेत खारूचं पोट गुरगुरलं, एवढंसं, मांजरीच्या पिल्लासारखं. माझा हात केव्हा गेला मला कळलं नाही. तिच्या पोटावर तळहात होता माझा, गरम, ओला, आणि तो ऐकत नव्हता, दाबत होता. ती हलली नाही. माझ्या डोळ्यांत बघत तिने टोस्ट हळूच दुधात बुडवला, पूर्ण, बोटांपर्यंत, आणि तो विरघळायची वाट बघत बसली. मग मऊ लगदा तोंडात घेतला, ओठ मिटले, आणि न चावता गिळला. "बघ," ती कुजबुजली, "आवाज नाही आला."

बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज म्हणाला, "छान. आता अगदी असंच राहा."